दवाखान्याची वेबसाइट सगळ्यांना उघडते का?



सरकारी दवाखान्याची पहिली पायरी आता पुष्कळदा मोबाइलच्या पडद्यावर असते. केसपेपरच्या रांगेत उभे राहायचे नसेल तर खिडकीशेजारचा क्यूआर कोड स्कॅन करा आणि आपला १४ आकडी आभा क्रमांक द्या, असे सांगतात. डॉक्टरांशी घरबसल्या बोलायचे तर ई-संजीवनी आहे. दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड हवे असेल तर अर्ज पोर्टलवरूनच करायचा आहे. तपासणीचा बोलावा त्यानंतर येतो. पनवेल तालुक्यात एका बाजूला खारघर-कामोठ्याचे टॉवर आहेत, दुसऱ्या बाजूला माथेरानच्या पायथ्याशी मालडुंगे-धोदाणीकडच्या ठाकूर आणि कातकरी वाड्या आहेत. दोन्हीकडच्या माणसांना हीच पायरी चढावी लागते.

ज्याला दिसते, ऐकू येते, ज्याचे हात चालतात आणि ज्याला छापील मराठी वाचता येते, त्याची या सोयीने पायपीट वाचते. इतरांसाठी तीच वेबसाइट बंद दार ठरू शकते. गंमत अशी की यूडीआयडीसारख्या पोर्टलवर येणारा अर्जदार दिव्यांगच असतो. म्हणून हा विषय नीट समजून घेऊ. तो दिसतो तितका तांत्रिक नाही, आणि त्यात आपल्याला करता येण्यासारखे बरेच आहे.

लसीच्या वेळी काय झाले

१ मे २०२१ पासून १८ ते ४४ वर्षांच्या लोकांना कोविडची लस खुली झाली, पण नोंदणी कोविन या वेबसाइटवर आधी करणे सक्तीचे होते. केंद्रांवरच्या जागा जाहीर होताच संपत. डोळस तरुणांचीही त्यात दमछाक होई. ज्यांना दिसत नाही त्यांचे काय होत होते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या ३१ मे २०२१ च्या आदेशात नोंदलेले आहे. न्या. धनंजय चंद्रचूड, न्या. एल. नागेश्वर राव आणि न्या. एस. रवींद्र भट यांच्यापुढे कोविडकाळातील औषधे, प्राणवायू आणि लस यांचे प्रकरण सुरू होते. त्यात कोविनच्या अडचणी एकेक करून मांडल्या गेल्या.

वाकड्यातिकड्या अक्षरांचा कॅप्चा ऐकण्याची सोय नव्हती. वयोगट, लसीचे नाव, मोफत की विकत असे सात पर्याय निवडायचे होते, पण ते अंध व्यक्तीच्या साधनाला नीट सापडत नव्हते. किती जागा शिल्लक आहेत हा आकडा कळे, पण तो आकडा कशाचा हे कळत नसे, कारण तक्त्यातील आकडे आणि मथळे एकमेकांना जोडलेले नव्हते. माउसशिवाय, फक्त कीबोर्डवर काम करता येत नव्हते. काम पूर्ण होण्याआधीच माणूस आपोआप बाहेर फेकला जाण्याची भीती होती. रंगांची निवडही कमी दिसणाऱ्यांना सोयीची नव्हती. कोविन आणि आरोग्य सेतूसारख्या सेवा दिव्यांगांना वापरता येतात का याची तपासणी करा, असे न्यायालयाने केंद्र सरकारला सांगितले.

ही यादी मुद्दाम पूर्ण दिली. यातली एकही गोष्ट फार खर्चाची नाही. पण अशा लहानलहान गोष्टी साथीच्या काळात माणूस आणि लस यांच्यामध्ये उभ्या होत्या. पुढे जूनमध्ये कोविन मराठीसह अनेक भारतीय भाषांत आले, आणि सप्टेंबर २०२१ मध्ये केंद्रावर येऊ न शकणाऱ्यांना घरी जाऊन लस देण्याची सूचना निघाली.

न पाहता वेबसाइट कशी वाचतात

अनेकांना वाटते की अंध माणूस मोबाइल वापरत नाही. आज जवळजवळ प्रत्येक अँड्रॉइड फोनमध्ये टॉकबॅक नावाची सोय असते. ती सुरू केली की बोट ठेवाल तिथे जे असेल ते फोन मोठ्याने वाचतो. दोनदा टिचकी मारली की ते उघडते. संगणकासाठी एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर मोफत मिळतो. ऑस्ट्रेलियातील मायकेल करन यांनी २००६ मध्ये तो लिहायला सुरुवात केली आणि जेम्स टेह यांनी त्यांना साथ दिली. दोघेही अंध आहेत. हे आवाज मराठीतही बोलतात.

मात्र हे साधन लिहिलेले असेल तेवढेच वाचू शकते. चित्रात काय आहे हे वेबसाइट बनवणाऱ्याने शब्दांत नोंदवले नसेल तर साधन फक्त “चित्र” म्हणते. बटणाला नाव दिले नसेल तर “बटण” म्हणते. आमच्या कामात भेटलेल्या, दृष्टी गेलेल्या एका तरुणाने एक आरोग्यसेवेची वेबसाइट मला ऐकवली होती. त्याचे बोट पडद्यावरून सरकत होते आणि फोन म्हणत होता: बटण, बटण, बटण. त्यांतले एक “अर्ज पाठवा” होते आणि एक “अर्ज रद्द करा”. तो हसून म्हणाला, “सर, आता तुम्हीच सांगा, कुठलं दाबू?”

अडते कुठे

वेबसाइट कशी असावी याचे जगभर मान्य झालेले निकष आहेत. वर्ल्ड वाइड वेब कन्सोर्टियम या संस्थेने त्यांची पहिली आवृत्ती १९९९ मध्ये काढली, आणि भारत सरकारनेही आपल्या वेबसाइटसाठी २००९ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे केली. त्यांची तिसरी आवृत्ती २०२३ मध्ये आली. निकषांची यादी लांब असली तरी मुळात चार प्रश्न आहेत.

पहिला: मजकूर माणसापर्यंत पोहोचतो का? चित्राला शब्दांतले वर्णन हवे. डॉक्टरांच्या माहितीच्या व्हिडिओखाली ओळी हव्यात, म्हणजे कर्णबधिरांना त्या वाचता येतील. ज्यांची पहिली भाषा खुणांची आहे त्यांच्यासाठी भारतीय सांकेतिक भाषेतला अनुवाद हवा. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणात किमान साडेचारास एक इतका फरक हवा. पांढऱ्यावर फिकट राखाडी अक्षरे कमी दिसणाऱ्याला दिसतच नाहीत.

दुसरा: ती चालवता येते का? ज्याचा हात थरथरतो किंवा ज्याची बोटे कुष्ठरोगाने गेली आहेत त्याला माउसचा बाण नेमका बसवता येत नाही. आपल्या तालुक्यात नेऱ्याजवळच्या शांतिवनात कुष्ठरोग्यांसाठी झालेले काम आपण सारे जाणतो. कुष्ठरोगातून बरे झालेली व्यक्ती ही आता कायद्याने मान्य केलेल्या २१ दिव्यांगत्वांमध्ये आहे. अशा व्यक्तीला कीबोर्डवरून किंवा आवाजाने काम करता आले पाहिजे, आणि ओटीपी टाकायला पुरेसा वेळ मिळाला पाहिजे.

तिसरा: ती समजते का? “सदर लाभार्थ्याने विहित नमुन्यात साक्षांकित प्रत सादर करावी” हे वाक्य शाळा शिकलेल्यालाही दोनदा वाचावे लागते. बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या मुलाच्या आईने त्याचे काय करायचे? “आधार कार्डाची झेरॉक्स आणा, मूळ कार्डही बरोबर ठेवा” असे लिहिले तर काम होते. अर्जात चूक झाली तर नुसती लाल चौकट न दाखवता काय चुकले ते शब्दांत सांगायला हवे.

चौथा: ती वेगवेगळ्या साधनांवर चालते का? जुना फोन, लहान पडदा, कमी नेट आणि स्क्रीन रीडर, या सगळ्यांवर ती टिकली पाहिजे.

हे चारही प्रश्न आमच्या वाड्यांवर फिरताना ओळखीचे वाटतात. नेटची एकच काडी असलेल्या डोंगरात हलकी वेबसाइटच उघडते. घरी कातकरी बोलणाऱ्या बाईला कार्यालयी मराठी परकी असते. उन्हात फोन धरला की फिकट अक्षरे कुणालाच दिसत नाहीत. दिव्यांगांसाठी दार रुंद केले की त्यातून आणखी पुष्कळ जण आत येतात.

मराठी मजकुराच्या दोन खास अडचणी

या दोन अडचणींकडे इंग्रजी पुस्तके लक्ष देत नाहीत. पहिली फॉन्टची. युनिकोड येण्यापूर्वी आपण कृतिदेव, श्रीलिपी अशा फॉन्टमध्ये टाइप करत असू, आणि काही ठिकाणी आजही करतात. अशा फाइलमध्ये डोळ्यांना मराठी दिसते, पण आत अक्षरांच्या जागी दुसरीच चिन्हे साठवलेली असतात. स्क्रीन रीडर ती चिन्हे वाचतो आणि कानावर अर्थहीन बडबड पडते. शिबिराचे परिपत्रक युनिकोडमध्ये टाइप केले की हा प्रश्न सुटतो.

दुसरी शिक्क्याची. आपल्याकडे पत्रावर सही आणि गोल शिक्का हवा असतो. म्हणून पत्र छापतात, सही करतात, स्कॅन करतात आणि ते चित्र वेबसाइटवर चढवतात. आता ते पत्र राहिले नाही, पत्राचा फोटो झाला. उपाय सोपा आहे: शिक्क्याचे पत्र ठेवा, पण त्याच्याबरोबर तोच मजकूर टाइप केलेल्या रूपातही द्या.

सोप्या मराठीचा आग्रह आपल्याला नवा नाही. पंडिता रमाबाईंनी आयुष्याची शेवटची वर्षे पवित्र शास्त्राच्या भाषांतराला दिली, ती साध्या, घरगुती मराठीसाठी; कमी शिकलेल्या बाईला ते कळावे म्हणून. त्यांच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये अंध मुलींना ब्रेल शिकवले जाई. वाचणाऱ्याने आपल्यापर्यंत यावे अशी वाट न पाहता मजकूर त्याच्यापर्यंत नेण्याचे हे काम शंभर वर्षांपूर्वी इथेच झाले आहे.

“कोणीतरी भरून देईल”

हा विषय काढला की बहुतेक ठिकाणी एकच उत्तर मिळते: “घरातलं कोणीतरी भरून देईल. नाहीतर सेतू केंद्र आहेच.” मीही वर्षानुवर्षे लोकांचे अर्ज भरून देतो आणि यापुढेही देईन. पण मदत असणे वेगळे आणि मदतीवाचून पर्याय नसणे वेगळे.

आरोग्याची माहिती ही पत्त्यासारखी नसते. गर्भपाताविषयी विचारायचे असेल, क्षयरोगाचा किंवा एचआयव्हीचा अहवाल पाहायचा असेल, मनाच्या आजारासाठी डॉक्टर हवा असेल, तर अंध स्त्रीने ते पुतण्याला सांगायचे का? आधार क्रमांक आणि ओटीपी अनोळखी माणसाच्या हाती द्यायचा का? मारहाण करणारा नवराच घरात फोन वापरणारा असेल तर ती मदत कुणाकडे मागणार? डोळस माणूस आपला अहवाल एकटा वाचतो, मग रडायचे की कुणाला सांगायचे ते ठरवतो. तेवढा एकांत दुसऱ्यालाही मिळावा, एवढेच मागणे आहे.

वाडीवरच्या माणसाच्या खर्चाचाही विचार करावा. अर्ज अडला की तो पनवेलला येतो. एका फेरीत एक दिवसाची मजुरी जाते. जिल्हा रुग्णालय अलिबागला. तिथे जाऊन “ऑनलाइन अर्जात त्रुटी आहे” एवढेच ऐकून परत यावे लागले, तर पुष्कळ जण पुन्हा जातच नाहीत.

कायदा काय सांगतो

ही उपकाराची बाब नाही. भारताने २००७ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा दिव्यांग हक्कांचा करार मान्य केला. दिव्यांग व्यक्तींचे हक्क कायदा २०१६ मध्ये झाला आणि १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्याच्या ४२ व्या कलमात इलेक्ट्रॉनिक माध्यमांतील मजकूर सुगम्य असावा असे म्हटले आहे, आणि ४६ वे कलम सरकारी तसेच खासगी सेवा देणाऱ्यांनाही लागू आहे. ८९ व्या कलमाप्रमाणे पहिल्या उल्लंघनाला १० हजार रुपयांपर्यंत आणि पुढच्या उल्लंघनाला ५० हजारांपासून ५ लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. २०११ च्या जनगणनेत देशात २.६८ कोटी आणि महाराष्ट्रात २९ लाखांहून अधिक दिव्यांग व्यक्ती नोंदल्या गेल्या, तेव्हा हा मूठभरांचा प्रश्न नाही.

कायदा कागदावरच राहू नये म्हणून दिव्यांग व्यक्तींनी स्वतः लढे दिले आहेत. नागपूरचे अंध वकील राहुल बजाज यांनी डॉक्टरांची वेळ ठरवून देणाऱ्या प्रॅक्टो या खासगी सेवेविरुद्ध दिव्यांगजनांच्या मुख्य आयुक्तांकडे तक्रार केली. २०२२ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला. राजीव रतुडी यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सांगितले की सुगम्यतेचे नियम नुसत्या शिफारशी असून चालणार नाहीत, ते बंधनकारक हवेत. मग ३० एप्रिल २०२५ चा निकाल आला. अॅसिडहल्ल्यातून वाचलेल्या प्रज्ञा प्रसून यांना बँकेच्या ऑनलाइन ओळखतपासणीत डोळे मिचकावून दाखवायला सांगितले होते, आणि तेच त्यांना शक्य नव्हते. अंध वकील अमर जैन यांची याचिकाही त्यासोबत होती. न्या. जे. बी. पारडीवाला आणि न्या. आर. महादेवन यांनी डिजिटल सेवांपर्यंत पोहोचण्याचा हक्क हा घटनेच्या २१ व्या कलमातील जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचे म्हटले आणि २० निर्देश दिले. चेहरा ओळखून कार्ड देण्याची पद्धत आता आरोग्य योजनांमध्येही आली आहे, म्हणून बँकेच्या प्रकरणातला हा निकाल दवाखान्यासाठीही तितकाच महत्त्वाचा आहे.

दहा मिनिटांची तपासणी

आपल्या मंडळीतील तरुण संघात संगणक जाणणारी मुलेमुली असतातच. आपल्या भागातील कोणत्याही आरोग्यसेवेची वेबसाइट घ्या आणि पुढील गोष्टी करून पाहा.

१. माउस बाजूला ठेवा. फक्त टॅब आणि एंटर या कळांनी पहिल्या पानापासून अर्जापर्यंत पोहोचता येते का? आपण कुठे आहोत ते पडद्यावर ठळक दिसते का?

२. फोनच्या सेटिंग्जमधील अॅक्सेसिबिलिटीत जाऊन टॉकबॅक सुरू करा आणि डोळे मिटा. दवाखान्याची वेळ आणि फोन नंबर सापडतो का?

३. अक्षरे दुप्पट मोठी करा. ओळी एकमेकींवर चढतात का, बटणे गायब होतात का?

४. आवाज बंद करून व्हिडिओ पाहा. काही कळले का?

५. सूचनेतील एखादा शब्द बोटाने निवडून पाहा. निवडता येत नसेल तर तो बहुधा फोटो आहे.

६. संपर्कासाठी फक्त फोन नंबर आहे का? कर्णबधिर माणूस फोन करू शकत नाही. त्याला संदेश किंवा ईमेलची सोय हवी.

शक्य असेल तर ही तपासणी दिव्यांग व्यक्तीसोबत बसून करा आणि तिला तिच्या वेळेचे मानधन द्या. आपण डोळे मिटून पाच मिनिटांत जे शोधतो त्यापेक्षा रोज तसे वापरणाऱ्याला खूप जास्त कळते. बौद्धिक दिव्यांग मुलांच्या पालकांना सोबत घ्यायचे असेल तर खारघरला राष्ट्रीय संस्थेचे प्रादेशिक केंद्र आहे. तिथे येणारी कुटुंबे आपल्याच तालुक्यातून जातात-येतात.

सापडलेल्या अडचणी नेमक्या शब्दांत लिहा: कोणते पान, कोणते बटण, काय व्हायला हवे होते आणि काय झाले. सरकारी वेबसाइटवर वेब माहिती व्यवस्थापकाचे नाव आणि संपर्क देण्याची पद्धत आहे. पत्र त्यांना पाठवा. उत्तर आले नाही तर पुण्यातील राज्य दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करता येते. राज्यात ३ डिसेंबर २०२२ पासून दिव्यांग कल्याणासाठी स्वतंत्र विभागही आहे. अनुभव सांगतो की रागाच्या पत्रापेक्षा नेमकेपणाने लिहिलेल्या पत्रावर लवकर काम होते.

आपल्या घरापासून

दुसऱ्याची वेबसाइट तपासताना आपलेही पाहू. नेत्रतपासणी शिबिराची सूचना आपण व्हॉट्सअॅपवर रंगीत पोस्टर करून पाठवतो. ज्यांच्यासाठी शिबिर, त्यांनाच ते पोस्टर वाचता येत नाही. पोस्टर जरूर पाठवा, पण त्याखाली तारीख, वेळ, ठिकाण आणि संपर्क टाइप करा, आणि वाड्यांवरच्या गटांत तेच अर्ध्या मिनिटाच्या आवाजी संदेशात सांगा. मिशनच्या दवाखान्यांच्या आणि शाळांच्या वेबसाइटना वरचीच सहा कसोट्या लावा. कायदा त्यांनाही लागू आहे.

आपल्यापैकी जे वेबसाइट बनवण्याच्या व्यवसायात आहेत त्यांना एक विनंती. हे काम शेवटी रंगकाम करावे तसे करू नका. बांधून झालेल्या घराला उतार जोडणे महाग पडते. नकाशातच काढला तर वेगळा खर्च जवळजवळ येत नाही. काम घेतानाच करारात सुगम्यतेची अट लिहून घ्या.

येत्या तिमाहीत प्रत्येक मंडळीने एक वेबसाइट तपासावी आणि एक पत्र पाठवावे, एवढेच सुचवतो. पत्राची एक प्रत आमच्या कार्यालयाला द्या. सगळ्यांचे मुद्दे एकत्र करून, वाडीवरच्या आणि शहरातल्या दिव्यांग बंधुभगिनींच्या सह्यांसह, ते तालुका आणि जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांसमोर ठेवू. सही करण्याआधी तो कागद त्यांना वाचता येईल अशा रूपात आपण देणारच आहोत.